उस्ताद नसरुल्लांची बोटं

माझ्या जावयाने माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत जे केलं ते आठवलं की अजून तोंडात थिनरची चव येते. थुंकावंसं वाटतं. पण जावयाचं नंतर सांगते. आधी आमच्या हाजींबद्दल ऐका, म्हणजे जावई किती हलकट ते नीट कळेल.

आमचे हाजी म्हणजे माझे यजमान, उस्ताद नसरुल्ला. शिराझमध्ये कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की आधी यांना गाठायचं, मगच विसार द्यायचा. आमच्याकडे गाडीबद्दल पहिला प्रश्न एकच: रंग आहे का? कारखान्यातून निघतानाचा रंग कुणी धरतच नाही. त्यावर नंतर कुणी हात मारला असेल तर तो रंग. म्हणजे कुठेतरी ठोकर बसली होती, पत्रा वाकला होता, काहीतरी झाकलंय. इंजिन खोकत असलं तरी चालेल, गाद्यांतून स्प्रिंगा बाहेर आलेल्या चालतील, पण रंग नको. बिनरंगाची गाडी मिळाली की माणूस मुलीला चांगलं स्थळ मिळाल्यासारखा फुलून घरी जातो. आता जाडी मोजायची यंत्रं आलीत, पत्र्याला टेकवली की आकडा दाखवतात. तेव्हा नव्हती. तेव्हा हाजींची बोटं होती.

गाडीसमोर उभं राहायचं, डोळे मिटायचे, उजव्या हाताची मधली तीन बोटं कडेवरून आत सरकवत न्यायची. छपरापासून सुरुवात, मग छप्पर पेलणारे खांब, मग दारं. तोंडातून शब्द नाही. सगळं झालं की रुमालाने बोटं पुसायची आणि सांगायचं, "डाव्या मागच्या दाराला रंग आहे. खालून वीतभर. बाकी साफ." झालं. त्यावर अपील नाही. तरुणपणी सात वर्षं तेहरानला गाड्यांच्या कारखान्यात रंगखात्यात काढलेली. तिथल्या रंगाची साय कशी बसते ते यांच्या बोटांत मुरलेलं होतं. सिगारेटच्या कागदाखाली केस ठेवला तरी तो कुठे आडवा आहे ते सांगायचे, आणि पाहुणे आले की मुद्दाम हा खेळ करून दाखवायचे. मला मेलीला पन्नास वेळा केस उपटून द्यावा लागलाय.

आणि तोंडाला लगाम नाही. आमच्या लग्नात माझा रुखवत मांडला होता. बायका कौतुक करत होत्या, माझे वडील मिशीवर ताव देत उभे होते. नवरदेव गेले थेट फ्रिजपाशी, बोटं फिरवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दाराला रंग आहे." होताच हो! वडिलांनी थोडा पोचा आलेला स्वस्तात आणून रंगवून घेतला होता. वर्षभर वडील यांच्याशी बोलले नाहीत. स्वतःच्या सख्ख्या भावाच्या गाडीचं गिऱ्हाईक असंच पळवून लावलं. "छपराला रंग आहे, ही उलटलेली गाडी आहे," म्हणाले. तो भाऊ पुढे तीन नवरोजांना आमच्या दारात आला नाही. मी म्हटलं, "अहो हाजी, भावासाठी एकदा गप्प बसला असता तर बोटं झडली असती का?" तर म्हणाले, "तूबा, एकदा गप्प बसलो की पुढच्या वेळी माझं बोलणं ऐकेल कोण?"

त्या बोटांचे लाड मी तीस वर्षं केले. गरम भांडं उचलायचं नाही, चुन्याला हात लावायचा नाही, थंडीत लोकरीचे हातमोजे आणि उन्हाळ्यात सुद्धा बदामाचं तेल. ती बोटं म्हणजे माझी सवत होती. पण खोटं कशाला बोलू, बाजारात "ही उस्ताद नसरुल्लांची खानम" असं कुणी म्हटलं की माझी मान ताठ व्हायची. शेवटची दोन वर्षं तर दारात इतकी माणसं यायची की चहाचे पेले कमी पडायचे. हाजी म्हणायचे, वय वाढतं तसं नाव वाढतं.

आता जावई. नाव कियूमर्स. आमच्या महीनचा नवरा, राहायला आमच्याच माडीवर. आधी कबुतरं पाळली, मग फ्रिज दुरुस्ती, मग पिस्त्याचा धंदा, आणि प्रत्येक धंद्यानंतर दोन महिने लोळत पडणं. अंगाला अत्तर मात्र रोज. एरवी मला "हाज खानम" म्हणायचा. "आई" म्हणायला लागला की समजावं, काम आहे.

त्या उन्हाळ्यात हाजींच्या बहिणीचं कंबरेचं हाड मोडलं आणि हाजी चाळीस दिवसांसाठी यज्दला गेले. ते गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी कियूमर्सने दोरीला बांधून एक पैकान, आमच्या इराणातच बनलेली मोटार, ओढत आणली. आमच्या इराणी कालगणनेतल्या तेराशे अठ्ठेचाळीस सालची, पहिल्या पहिल्या गाड्यांतली. नैरीझच्या कुणा मास्तरांच्या विधवेकडून उचललेली. उजवी बाजू आत गेलेली, एक दार दुसऱ्याच गाडीचं, हिरवं, बॉनेटवर गंजाचे फोड.

"आई, गॅरेज जरा वापरू का? चार दिवस."

"कशाला?"

"जरा हात मारतो. हौस हो. जुनी गाडी आहे, नीट करून चालवू. महीनला फिरवीन."

मी म्हटलं, चला, लोळण्यापेक्षा बरं. ही माझी पहिली चूक.

चार दिवसांचे तीस झाले. आमचं गॅरेज म्हणजे अंगणाला लागून पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी भिंत. चौथ्या बाजूला त्याने माझ्या जुन्या चादरी आणि प्लास्टिक लटकवलं. टायरवाल्याकडून हवेचा पंप उसना आणला. मग सुरू झालं ते घासणं. पाणी मारायचं आणि पॉलिश पेपरने खरवडायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत खर्र खर्र. गंजाचं लाल पाणी अंगणभर. मग पत्रा ठोकणं, मग खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं. त्या लांबीचा असा वास की पोटातलं ढवळून वर यायचं. मग ती लांबी घासली तेव्हा तिची पांढरी भुकटी सगळ्या घरात. भातावर भुकटी, उशीवर भुकटी, नमाजाच्या चटईवर भुकटी. शी! नाक शिंकरलं तर रुमालात दुधी चिखल. आणि एकदा स्प्रे गन सुरू झाली मग तर विचारूच नका. हिवाळ्यासाठी मेथी आणि शेपू निवडून अंगणात चादरीवर वाळत घातलेला, त्यावर दुधी रंगाची साय चढली. सगळा फेकला. हौदातले तीन मासे पोट वर करून तरंगले. समोवारमधल्या चहाला सुद्धा थिनरचा वास. महीन वरून नाकाला रुमाल लावून खाली यायची आणि नवऱ्याला म्हणायची, "वा, काय चकाकतेय!" मला दोघांचीही किळस यायची.

पण हात चांगला होता मेल्याचा, तेवढं कबूल करते. दारं उतरवून, रबर काढून, काचा काढून रंगवलं. कुठे रेघ म्हणून दिसेना. स्क्रूवर पान्याचे ओरखडे पडू नयेत म्हणून पान्याला फडकं गुंडाळायचा. कारखान्याच्या रंगाला नारंगीच्या सालीसारखा बारीक दाणा असतो, तो आणायला हवेचा दाब कमी-जास्त करून चार वेळा खरवडून पुन्हा मारला. मीच वीजदिवा धरून उभी असायची. का? माझं डोकं फिरलं होतं म्हणून. आणि दुसरं काय.

रंग वाळल्यावर मात्र त्याने जे सुरू केलं ते बघून मी चक्रावले. एवढी चकाकणारी गाडी, तिला मातकट करायला बसला. मेण आणि राख एकत्र करून घासलं. गाडी रोज दुपारच्या उन्हात ढकलायची. काळ्या चहाच्या पाण्यात ब्रश बुडवून दारांच्या फटींत ओढला. चालवणाऱ्याचा हात जिथे दारावर टेकतो तिथे चामड्याने घासघासून रंग पातळ केला.

"हे काय रे?"

"जुनी दिसायला नको का आई?"

"जुनीच आहे की!"

"जुनी आहे, पण रंग नवा आहे ना." आणि हसला. "बिनरंगाची म्हणून विकणार. इस्फहानचं एक गिऱ्हाईक आहे, आगा मुशीरी. जुन्या गाड्यांचं वेड आहे त्यांना. अठ्ठेचाळीसची बिनरंगाची म्हटल्यावर झोप उडालीय."

माझ्या हातातला दिवा खाली ठेवला मी. "उस्ताद नसरुल्लांच्या घरात? लाज नाही वाटत? हाजी आले की पहिल्या हाताला पकडतील तुला!"

"हाजींना सांगू नका फक्त," तो म्हणाला. महीनने तर माझे पाय धरले. "आई, एकदा तरी ह्याचं काही होऊ दे. कुणी मरतंय का यात?"

मी गप्प बसले. आता खरं सांगते, मुलीच्या रडण्याने अर्धी गप्प बसले. उरलेली अर्धी मजा बघायला. म्हटलं, येऊ दे हाजींना. बोटं फिरवतील, डोळे उघडतील आणि जावईबापूंच्या तोंडावर सांगतील, अख्खी गाडी रंगवलीय म्हणून. असं उताणं पाडतील की पुन्हा अत्तर लावायचा नाही. बोटांवर एवढा विश्वास होता माझा. ही दुसरी चूक.

हाजी परत आले. कियूमर्सने त्यांना सांगितलं की नैरीझच्या विधवेने गाडी तीस वर्षं ताडपत्रीखाली ठेवली होती, मी जशीच्या तशी आणली. हाजी म्हणाले, "बघू." आणि दोन दिवसांनी आगा मुशीरी आले. सभ्य माणूस. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, बरोबर इस्फहानच्या गझ मिठाईचा डबा. आल्या आल्या म्हणाले, "उस्ताद, गाडी मला पसंत आहे. पण तुम्ही हात फिरवून सांगितल्याशिवाय मी घेणार नाही. गेल्या मेहर महिन्यात माझ्या भावाची गाडी तुम्हीच बघून दिली होती. तुमचा शब्द झाला की मला कागद नको."

मी अंगावरची काळी चादर सावरून, डोक्याचा रुमाल पिनेने घट्ट करून गॅरेजच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. चहा द्यायच्या निमित्ताने. कियूमर्सकडे बघितलं तर तो पठ्ठ्या गॅरेजच्या भिंतीला टेकून शांत! मला वाटलं, काय निगरगट्ट आहे.

हाजींनी डोळे मिटले. छपरावरून बोटं नेली. खांब. दारं. बॉनेटवर जरा थांबले. उकिडवे बसून बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक केली, कान लावला. उजव्या बाजूला, जिथे वीतभर लांबी भरलीय, तिथून बोटं सरळ पुढे गेली. मला वाटलं, आता मागे येतील. आली नाहीत. रुमाल काढून बोटं पुसली.

"बिनरंगाची. छप्पर, खांब, चारी दारं. माझा शब्द."

आगा मुशीरींनी त्यांच्या खांद्याचं चुंबन घेतलं. मी हातातलं तबक तिथेच खाली ठेवलं.

मी म्हटलं, "हाजी, जरा आत या. साखर संपलीय."

स्वयंपाकघरात येताच मी फिरले. "किती देणार आहे तो तुम्हाला? की मुलीसाठी केलंत? माझ्या बापाला लग्नात नागडं केलंत, भावाला दारातून घालवलंत, आणि आज या लबाडासाठी शब्द विकलात? थू!"

"काय बोलतेयस तू?"

"अख्खी गाडी रंगवलीय ती, उजव्या बाजूला वीतभर लांबी आहे! तीस दिवस माझ्या नाकात जातोय तो रंग! दिवा मी धरला होता!"

हाजी माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर चोरी नव्हती. खरंच काही कळत नव्हतं त्यांना. मी त्यांचा उजवा हात धरला, माझ्या डोक्याच्या रुमालाची पिन काढली आणि मधल्या बोटाच्या टोकात खुपसली. चांगली खोल. हाजी माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"हात का धरलायस?" म्हणाले.

रक्ताचा थेंब आला तेव्हा त्यांनी खाली पाहिलं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "रक्तातल्या रक्तातल्या साखरेमुळे. आधी मुंग्या यायच्या, मग त्याही थांबल्या. पण डोळे आहेत तूबा, कान आहेत. टकटक केलं की कळतं थोडं."

"आणि सांगितलं का नाही?"

"सांगून मग मी कोण?"

मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. दोन वर्षं माणसं यांच्या शब्दावर गाड्या घेऊन गेली आणि हे डोळे मिटून नाटक करत राहिले. भावाला दारातून घालवणारा माणूस तो हाच का, असं वाटलं. किळस आली, आणि नवऱ्याची किळस येणं फार वाईट असतं हो, कारण तोंड फिरवून जायचं कुठे?

तेवढ्यात दारात कियूमर्स. पिन, रक्त, सगळं बघितलं त्याने आणि खांदे उडवले. "आता कशाला हे उकरायचं आई? गिऱ्हाईक बाहेर बसलंय. आणि हाजींचं म्हणाल तर बाजारात सगळ्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?" हाजींनी विचारलं.

"बोटांचं. वर्ष-दीड वर्ष झालं. म्हणून तर एवढी माणसं येतात तुमच्याकडे. ज्याच्या गाडीला रंग असतो तो म्हणतो, उस्ताद नसरुल्लांना दाखवू. चांगली गाडी असेल तर दुसऱ्या कुणाला दाखवतात." आणि वर, समजूत काढल्यासारखं, "तुमचं नाव मोठं आहे हाजी. त्याला कुणी हात लावत नाही."

हाजी पाटावर बसले. मग उठले, नळाखाली बोट धरलं, माझ्या चादरीला पुसलं आणि बाहेर गेले. कियूमर्स आडवा आला तर त्याला कोपराने बाजूला सारलं.

आगा मुशीरी गझचा कागद सोलत होते.

"आगा, मी चुकीचं सांगितलं. अख्खी गाडी रंगवलेली आहे. उजव्या बाजूला लांबी आहे. माझ्या बोटांना काही लागत नाही, दोन वर्षांपासून."

मुशीरींनी गझ खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मग माझ्या भावाची गाडी?"

"दुसऱ्या कुणाला दाखवा."

"त्याने मुलांना घेऊन मशहदला नेलीय ती, उस्ताद. खालची चासिस तुटून जोडलेली असली तर?"

मुशीरी उठले. जाताना सुद्धा त्या माणसाने रीत सोडली नाही, म्हणाले, "माझ्या तोंडून हे कुठे जाणार नाही, निश्चिंत असा." हाजी म्हणाले, "नको. सांगा. सगळ्यांना सांगा." डबा तसाच राहिला. वर महीन दार आपटून रडत बसली. कियूमर्स चार दिवस मला बघून भिंतीला तोंड करायचा. गाडी त्याने पुढे कुठे, कुणाच्या गळ्यात मारली, मी विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी हाजींनी चांगला कोट घातला. मी म्हटलं, "मीही येते." गाड्यांच्या बाजारात बायका फारशा जात नाहीत, पण मला त्यांना एकट्याला पाठवायचं नव्हतं. मैदानात शे-दोनशे गाड्या, दलाल, भाजलेल्या जिगर-कबाबचे धुरकट गाडे. हाजी चहावाल्याच्या बाकावर चढले. हो, चढले, साठीचा माणूस. आणि मोठ्याने म्हणाले, "मंडळी, मी नसरुल्ला. माझ्या बोटांत जीव राहिलेला नाही. दोन वर्षांत माझ्या शब्दावर कुणी गाडी घेतली असेल त्याने ती पुन्हा दाखवून घ्यावी. हे माझं सांगणं आहे, मला माफ करा."

मला वाटलं होतं, गोंधळ उडेल. कुणी शिव्या देईल, कुणी अंगावर धावून येईल. मी चादरीखाली मुठी आवळून उभी होते. तर काही नाही! दलाल बुटांकडे बघायला लागले. एकाने घसा खाकरला. चहावाल्याने हाजींचा हात धरून खाली उतरवलं आणि म्हणाला, "बसा उस्ताद, चहा घ्या." दोन मिनिटांत बाजार पुन्हा पहिल्यासारखा सुरू.

हाजी बसले नाहीत. आम्ही फाटकाकडे निघालो. मागून एक दलाल धापा टाकत आला. नव्या चामड्याचं जाकीट घातलेला, ओळखीचा. त्याने हाजींची बाही धरली आणि तोंड कानाशी नेलं. तरी मला ऐकू आलं.

"उस्ताद, ते राहू द्या हो. एक गिऱ्हाईक थांबलंय तिकडे, बाहेरगावचं. नुसता हात फिरवा."

हाजींनी बाही सोडवली, दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले आणि चालायला लागले. घरी पोचेपर्यंत त्यांनी ते बाहेर काढले नाहीत. टॅक्सीचं दार मी उघडलं आणि घराचं कुलूपही मीच.